ट्रॅमाडॉल सुरू करण्याआधी आणि नंतर: दुष्परिणाम ओळखणं, इतर औषधांशी होणारी गाठ तपासणं

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे हात थरथरायला लागले. उशी घामाने ओली झाली होती, पण अंग फारसं तापलेलं नव्हतं. पडल्यापडल्या सारखी चुळबुळ चालली होती, आणि "आत काहीतरी धावतंय गं" असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी इतकी वर्षं औषधांच्या काउंटरवर काम करते, तरी माझ्या मनात पहिली शंका आली ती जखमेत जंतुसंसर्ग झाल्याची. मग तिच्या दुसऱ्या, ऑपरेशन न झालेल्या पायाचा चवडा मी हाताने वर दाबून धरला. पाऊल माझ्या तळहातावर टकटक उडत राहिलं, थांबेचना. तेव्हा कुठे मी डिस्चार्जचा कागद आणि तिच्या रोजच्या गोळ्यांचा डबा शेजारीशेजारी ठेवला. कागदावर दुखणं थांबवणारं ट्रॅमाडॉल. डब्यात गेली चार वर्षं चालू असलेलं एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे डिप्रेशनवर देतात ती गोळी.

दोन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. त्या एकत्र आल्यावर काय होईल, हे कोणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. त्याच रात्री तिला दवाखान्यात नेलं, ट्रॅमाडॉल थांबवलं, आणि पुढच्या दीड दिवसात थरथर ओसरली.

तेव्हापासून माझ्यासमोर कोणी ट्रॅमाडॉलची चिठ्ठी ठेवली की मी आधी एकच विचारते: आणखी काय चालू आहे? या गोळीचं बरंवाईट बऱ्याच अंशी त्या उत्तरावर ठरतं. म्हणून हा लेख मी गोळी घरात आल्यापासून ती बंद होईपर्यंत ज्या क्रमाने प्रश्न पडतात, त्याच क्रमाने लिहिते आहे. डोस ठरवणं किंवा बदलणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम. त्यांना नेमकं काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते इथे आहे.

एका गोळीत दोन औषधं

ट्रॅमाडॉल जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने १९६२ मध्ये तयार केलं आणि १९७७ मध्ये ते तिथे बाजारात आलं. "मॉर्फिनपेक्षा सौम्य" अशी त्याची ओळख झाली, आणि तोंडाने घेतलेल्या गोळीच्या वेदनाशामक ताकदीपुरतं बोलायचं तर ते खरं आहे. पण "सौम्य" या शब्दामुळे लोक गाफील राहतात.

हे औषध दोन वाटांनी काम करतं. पहिली वाट ओपिऑइडची, म्हणजे मॉर्फिनसारख्या अफूच्या जातीच्या औषधांची. मॉर्फिन ज्या रिसेप्टरवर (पेशीवरची औषध चिकटण्याची जागा) बसतं त्याच रिसेप्टरवर हेही बसतं, आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पूर्ण ताकदीने पोहोचू देत नाही. दुसरी वाट डिप्रेशनच्या गोळ्यांसारखी. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं मज्जातंतूंमध्ये परत शोषली जाण्याला ते अडवतं, त्यामुळे त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून दुष्परिणामही दोन्ही बाजूंनी येतात. गुंगी, बद्धकोष्ठ आणि मंदावणारा श्वास हे पहिल्या वाटेचे. थरथर, घाम आणि धडधड हे मुख्यतः दुसऱ्या वाटेचे. फिट येण्याचा धोका त्याशिवाय वेगळा. मॉर्फिनशी तुलना करून ट्रॅमाडॉल समजून घेणाऱ्यांच्या नजरेतून ही दुसरी बाजू हमखास सुटते.

आणखी एक गोष्ट. ट्रॅमाडॉलचा ओपिऑइड परिणाम मुख्यतः मूळ औषधाचा नसतो. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं रूपांतर एम१ या पदार्थात करतं, आणि खरा जोर त्या एम१ मध्ये असतो. हे एन्झाइम कोणात किती चालतं ते जन्मतःच ठरलेलं असतं. काही जणांत ते जवळजवळ चालत नाही, त्यांना गोळी लागू पडत नाही, दुखणं तसंच राहतं. काही जणांत ते अतिवेगाने चालतं, आणि नेहमीच्या डोसलाही माणूस गुंगून जातो. म्हणून "मला चांगली लागू पडली, तूही घे" असं सांगत ही गोळी कोणी कोणाला देऊ नये. १२ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, आणि टॉन्सिल किंवा ॲडेनॉइडच्या ऑपरेशननंतर १८ वर्षांखालच्या कोणालाही नाही, त्यामागेही मोठं कारण हेच. अंगावर पाजणाऱ्या आईने घेतली तर एम१ दुधातून बाळापर्यंत पोहोचतं, म्हणून तेव्हाही ती टाळतात.

पहिली गोळी घेण्याआधी

कागद घ्या आणि घरातली औषधं प्रत्यक्ष समोर ठेवून यादी करा. आठवून करू नका, आठवणीतून नेमकी तीच गोळी निसटते जी सांगायला हवी होती. रोजच्या गोळ्या तर लिहाच, पण "लागली तर" घ्यायच्या गोळ्याही लिहा: झोपेची, ॲलर्जीची, खोकल्याचं औषध, अर्धशिशीची गोळी, चिठ्ठीशिवाय आणलेलं काहीही, वनस्पतींपासून केलेल्या कॅप्सूल. गेल्या महिन्याभरात बंद केलेली औषधंसुद्धा तारखेसह लिहा. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहतं, त्यामुळे "आता घेत नाही" एवढं उत्तर पुरत नाही.

त्या यादीखाली आजारांविषयी चार-पाच ओळी लिहा. कधी फिट आली आहे का? डोक्याला मोठा मार लागला होता का? झोपेत श्वास अडकतो का, दमा आहे का? मूत्रपिंड किंवा यकृत अधू आहे का? मधुमेहाची औषधं चालू आहेत का? दारू किती आणि किती वेळा घेता, पूर्वी कोणत्या औषधाचं किंवा नशेचं व्यसन होतं का? हे शेवटचे दोन प्रश्न लोक टाळतात. डॉक्टरांसमोर लाज वाटणं मी समजू शकते, पण या गोळीच्या बाबतीत तिथे खोटं बोलणं जिवावर बेतू शकतं.

स्ट्रिप हातात घेतल्यावर

ट्रॅमाडॉल एकटंही येतं आणि पॅरासिटामॉलसोबतही. जोडगोळीत बहुधा ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ब्रँडचं नाव वाचून हे कळत नाही, त्याखालच्या बारीक अक्षरातली ओळ वाचावी लागते. जोडगोळी चालू असताना तापासाठी वेगळं पॅरासिटामॉल घेतलं तर नकळत डोस दुप्पट होतो आणि भार यकृतावर पडतो.

नावापुढे "एसआर", "एक्सआर" किंवा "ईआर" असेल तर त्या गोळीतलं औषध दिवसभर हळूहळू सुटत राहतं. ती तोडायची नाही, चावायची नाही, कुटून पाण्यात कालवायची नाही, नाहीतर सगळा डोस एकदम अंगात उतरतो. गिळायला त्रास होणाऱ्या वयस्कर माणसांसाठी घरचे लोक मायेनेच गोळी कुटून देतात. ही गोळी तशी देऊ नका, दुसरा प्रकार लिहून मागा.

आकडे माहीत असावेत, म्हणजे चिठ्ठीत काही खटकलं तर विचारता येतं. साध्या गोळीचा प्रौढांसाठी नेहमीचा डोस ५० ते १०० मिलिग्रॅम, दर ४ ते ६ तासांनी, आणि दिवसाची एकूण मर्यादा ४०० मिलिग्रॅम. वय ७५ च्या पुढे असेल तर ३०० च्या वर जात नाहीत. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं असेल, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल, तर दोन डोसांत १२ तासांचं अंतर आणि दिवसाला २०० ची मर्यादा. यकृताचा सिरॉसिस असेल तर दर १२ तासांनी ५०. मूत्रपिंड किंवा यकृत इतकं बिघडलेल्यांना हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या देत नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस

पहिला डोस घरात कोणी सोबत असताना घ्या. तासाभरात परिणाम जाणवायला लागतो आणि दोन-तीन तासांत तो सर्वांत जास्त असतो. या वेळात गाडी चालवायची नाही. पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. चक्कर हा या गोळीचा फार सामान्य त्रास आहे, आणि वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडतो तो यामुळेच.

मळमळ बऱ्याच जणांना होते. ती सहसा काही दिवसांत कमी होते, काही खाऊन गोळी घेतली तर थोडा आराम पडतो. इथे एक बारकावा आहे. मळमळीसाठी ओंडान्सेट्रॉन सर्रास दिलं जातं, पण ते सेरोटोनिनचेच काही रिसेप्टर अडवतं, त्यामुळे ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक परिणाम कमी पडू शकतो. उलटी थांबली पण दुखणं वाढलं, असं झालं तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वतःहून ट्रॅमाडॉलची जास्तीची गोळी घेऊ नका.

तोंड कोरडं पडणं, डोकं दुखणं, घाम, अंगाला खाज हेही होतं. खाज उठली की लोक ॲलर्जीची जुनी, झोप आणणारी गोळी घेतात. ती या औषधासोबत गुंगी वाढवते, म्हणून विचारल्याशिवाय नको. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. पोट तुंबल्यासारखं वाटतंय आणि लघवी होत नाही, अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नका.

दोन त्रास कमी लोकांना माहीत आहेत. रक्तातली साखर उतरणं हा एक. मधुमेह असलेल्यांत याचा धोका जास्त, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. दुसरा म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. हे विशेषतः ६५ च्या पुढच्या बायकांमध्ये आणि पहिल्या आठवड्यात दिसतं. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली तर "गोळीची गुंगी आहे, उतरेल" असं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासून घ्या.

बद्धकोष्ठ

याला वेगळा मथळा दिला, कारण याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि याचा त्रास सगळ्यात जास्त दिवस टिकतो. मळमळीची, गुंगीची शरीराला सवय होते. बद्धकोष्ठाची होत नाही. ओपिऑइडमुळे आतड्यांची हालचालच मंदावते आणि मल आत जास्त वेळ राहून कोरडा, घट्ट होतो. ट्रॅमाडॉलमध्ये हे मॉर्फिनपेक्षा कमी, पण असतं.

गोळ्या काही दिवसांहून जास्त चालणार असतील तर पोट अडकायची वाट न पाहता पहिल्याच दिवशी रेचकाबद्दल विचारा. आतड्याला चालना देणारं सेना किंवा बिसाकोडिल, नाहीतर मल मऊ करणारं लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉल, असं काहीतरी डॉक्टर देतील. घराघरात पहिला हात जातो तो इसबगोलाकडे. पण इसबगोल मलाचा आकार वाढवतं, आणि इथे मुळात ढकलणारी शक्तीच कमी झालेली असते. त्यात पाणी कमी पडलं तर गोळा आणखी घट्ट बसतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही, पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या, तर घरचे उपाय थांबवून दवाखान्यात जा.

कोणत्या औषधांसोबत जपायचं

आता ती यादी समोर घ्या.

सगळ्यात आधी गुंगी आणणारी औषधं शोधा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, झोपेसाठीचं झोल्पिडेम, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रिगाबालिन आणि गाबापेंटिन, स्नायू सैल करणारं टिझानिडिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, क्लोरफेनिरामिनसारखी सर्दीची गोळी, आणि अर्थातच दारू. यातलं प्रत्येक औषध मेंदूला मंद करतं. ट्रॅमाडॉलसोबत घेतल्यावर श्वास घ्यायची आठवण करून देणारं मेंदूतलं केंद्रच सुस्तावू शकतं. झोपेतला माणूस नुसता शांत दिसतो, म्हणून हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. पाठदुखीच्या एकाच चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल, प्रिगाबालिन आणि टिझानिडिन मी पाहिली आहेत, आणि त्या माणसाच्या खिशात दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं क्लोनाझेपाम होतं. ट्रॅमाडॉल चालू असेपर्यंत दारूचा एक पेलाही नको.

दुसरा गट सेरोटोनिन वाढवणाऱ्यांचा, माझ्या आईच्या डब्यातला. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, ड्युलॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, ॲमिट्रिप्टिलिन. ही नावं फक्त डिप्रेशनच्या चिठ्ठीवर नसतात. ड्युलॉक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिन नसांच्या दुखण्यासाठी देतात, त्यामुळे "मला डिप्रेशन नाही" म्हणणाऱ्यांच्या डब्यातही ती सापडतात. शिवाय अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान, खोकल्यावरचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, जंतुसंसर्गावरचं लिनेझोलिड आणि सेंट जॉन्स वॉर्टच्या कॅप्सूल. पार्किन्सनसाठीची सेलेजिलिन आणि रासाजिलिन ही एमएओ रोधक, म्हणजे एमएओ नावाचं एन्झाइम अडवणाऱ्या, गटातली आहेत. या गटासोबत ट्रॅमाडॉल घेतच नाहीत, आणि ती बंद केल्यावरही १४ दिवस जाऊ द्यावे लागतात.

फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यांच्यात आणखी एक पेच आहे. ती सीवायपी२डी६ एन्झाइमलाच अडवतात. मग एम१ कमी तयार होतं, म्हणजे दुखणं थांबत नाही. मूळ ट्रॅमाडॉल मात्र साचत जातं, म्हणजे सेरोटोनिनचा आणि फिटचा धोका वाढतो. दुखणं थांबत नाही म्हणून रोग्याने आणखी गोळी घेतली की धोका आणखी चढतो. धूम्रपान सोडवायला देतात ते ब्युप्रोपिऑनही हे एन्झाइम अडवतं, आणि फिटचा धोका त्याच्या स्वतःकडूनही असतो. उलट बाजूही ध्यानात असू द्या: ट्रॅमाडॉल चालू असताना यातली गोळी बंद झाली तर एम१ वाढतं आणि गुंगी एकाएकी जड होऊ शकते.

फिटबद्दल वेगळं सांगते. ट्रॅमाडॉलने नेहमीच्या डोसलाही फिट येऊ शकते. ४०० च्या वर गेल्यावर, पूर्वी फिट आलेल्यांना, मानसोपचाराची काही औषधं घेणाऱ्यांना, आणि बरीच वर्षं रोज घेतलेली दारू अचानक सोडलेल्यांना धोका जास्त. फिटसाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्यांची तर दुहेरी अडचण, कारण ते औषध ट्रॅमाडॉल वेगाने मोडून टाकतं आणि दुखणंही थांबत नाही. अशा रोग्यांनी पहिल्या भेटीतच दुसरं वेदनाशामक मागावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलेली थोडक्यात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन ट्रॅमाडॉलचा परिणाम कमी करतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि किटोकोनाझोल यांमुळे अंगातलं ट्रॅमाडॉल वाढतं, म्हणजे पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करतानाही ही गोळी सांगायला हवी. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वाढू शकतं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तपासून घ्या आणि हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग दिसले तर लगेच कळवा. बरेच दिवस ट्रॅमाडॉल घेणाऱ्याला पेंटाझोसिन, ब्युटॉर्फनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर औषध एकदम तुटल्याची लक्षणं उभी राहू शकतात.

लगेच धावायचं कधी

माणूस हाक मारून, खांदा हलवूनही नीट जागा होत नाही, घोरण्याचा आवाज घरघरीसारखा झाला आहे, दोन श्वासांत लांब खंड पडतो आहे, ओठ किंवा नखं निळसर दिसत आहेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छातीचे श्वास मोजा. १० पेक्षा कमी असतील तर रुग्णवाहिका बोलवा. वरची बाकीची चिन्हं स्पष्ट असतील तर मोजायलाही थांबू नका. मदत येईपर्यंत माणसाला कुशीवर ठेवा, एकटं सोडू नका, उलटी करवू नका, "झोपू दे, उतरेल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

फिट आली तर तोंडात काहीही घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा.

थरथर, घाम, धडधड, जुलाब, बेचैनी, मोठ्या झालेल्या बाहुल्या, आखडणारे पाय, चवडा वर दाबल्यावर उडणारं पाऊल, चढणारा ताप: यातलं दोन-तीन एकत्र दिसलं, त्यातही नवीन औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही तासांत ते एक-दोन दिवसांत, तर सेरोटोनिन सिंड्रोमची, म्हणजे अंगात सेरोटोनिन फार वाढल्याची, शंका घ्या. पुढची गोळी देऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

तिन्ही प्रसंगांत स्ट्रिप आणि ती यादी सोबत न्या. ओपिऑइडच्या विषबाधेवर नॅलोक्सोन देतात, पण ते ट्रॅमाडॉलची एकच बाजू उतरवतं, सेरोटोनिनची नाही. म्हणून "दुखण्याची कसलीशी गोळी घेतली" एवढं सांगणं पुरत नाही, नाव ट्रॅमाडॉल हेच त्यांना कळायला हवं.

बंद करताना

चार-पाच दिवसच घेतली असेल आणि दुखणं कमी झालं असेल तर ती सहसा तशीच थांबवता येते. काही आठवडे रोज घेतली असेल तर नाही. एकदम तोडली की घाम, शिरशिरी, जुलाब, अंगदुखी, झोप न लागणं सुरू होतं. ट्रॅमाडॉलच्या दुसऱ्या बाजूमुळे काही जणांना घबराटीचे झटके, हातापायांना मुंग्या, कानात आवाज, क्वचित भासही होतात. या त्रासाला लोक मूळ दुखणंच परत आलं समजतात आणि गोळी पुन्हा सुरू करतात. डॉक्टर साधारण १० ते २५ टक्के डोस कमी करतात, दोन ते चार आठवडे थांबतात, मग पुढचा टप्पा. कमी केल्यावर फार त्रास झाला तर ते सांगा, टप्पे आणखी लहान करता येतात. सवय लागली आहे असं स्वतःलाच वाटत असेल तर तेही सांगा. तो औषधाचा गुणधर्म आहे, तुमचा गुन्हा नाही.

उरलेल्या गोळ्या "कधीतरी लागतील" म्हणून ठेवू नका, औषधांच्या दुकानात विचारून त्यांची विल्हेवाट लावा. चालू असतील तोवर कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. लहान मुलाच्या हाती एक गोळी लागणंही धोक्याचं आहे.

आईची यादी आता तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. सगळ्यात वर, लाल शाईने, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: ट्रॅमाडॉल चालत नाही, कारण एस्सिटॅलोप्रॅम. खाली तारीख आहे, आणि दवाखान्यात जाताना तो कागद ती घडी घालून पर्समध्ये टाकते.